लायसन नक्की कोणाचं? खटावच्या एका मुलाने सुरक्षा रक्षकाचे प्रशिक्षण कसे निवडले

हे प्रकरण खटाव तालुक्यातल्या एका चोवीस वर्षांच्या मुलाचे आहे. त्याचे आणि संबंधित एजन्सींचे नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. साताऱ्यात सैन्य-पोलीस भरतीच्या मुलांबरोबर काम करताना असा मुलगा दर हंगामात भेटतो: पहाटे रस्त्यावर पळणारा, एका सेंटीमीटरने किंवा एका गुणाने राहिलेला. वय निघून गेल्यावर "आता सिक्युरिटीत तरी जातो" म्हणणारा. त्या "तरी"मध्येच बरेचसे नुकसान दडलेले असते. तरी म्हणून घेतलेल्या नोकरीचे कागद कोणी वाचत नाही.

घरची परिस्थिती

वडूजच्या पुढचे कोरडवाहू गाव. दीड एकर रान, आई, बारावीला असलेली धाकटी बहीण. शेजारच्या घरात चुलते. त्यांना सगळे नाना म्हणतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते साताऱ्यात एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभे असतात. घरात दुसऱ्या कोणाला पगार नाही.

मुलाची उंची १६६ सेंटीमीटर. सैन्याच्या जनरल ड्यूटीला आपल्याकडे १६८ लागते. अग्निवीरची वयोमर्यादा एकविसाव्या वर्षी संपली. पोलीस भरतीत १६५ च्या अटीत तो बसला, मैदानही चांगले झाले, लेखी परीक्षेत मात्र राहिला. बी.ए. अर्धवट सोडलेली. आईने उसनवारी करून पुन्हा भरतीच्या अकॅडमीत घालायची तयारी दाखवली, तेव्हा त्याने स्वतःहून नको सांगितले.

पहिले दोन महिने

पहिली नोकरी त्याला एका ओळखीच्याने लावून दिली. मिस्त्री, ठेकेदार, एजन्सी अशी तीन माणसे मध्ये होती. काम पाटणच्या वनकुसवडे पठारावर, पवनचक्क्यांच्या साइटवर, रात्रपाळीला. प्रशिक्षण नाही, अर्ज नाही, करारपत्र नाही. निळा शर्ट, शिट्टी आणि बॅटरी दिली. बारा तासांची ड्यूटी आणि महिन्याच्या शेवटी रोख पैसे.

इथे कोणी त्याला दोष देऊ नये. प्रशिक्षणाशिवाय उद्यापासून कामाला ये म्हणणारी एजन्सी घरात पैशांची नड असलेल्या मुलाला देवासारखी वाटते. महिनाभर बिनपगारी शिकायचे आणि वर फी भरायची, त्यापेक्षा पहिल्याच महिन्यात आईच्या हातावर पैसे ठेवता येतात.

दुसऱ्या महिन्यात साइटवरून तांब्याची केबल चोरीला गेली. रात्री एक पिकअप आत जाताना त्याने पाहिली होती. साइटवर अशा गाड्या येत-जात, म्हणून त्याला काही वाटले नाही. गेटवरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर, वेळ आणि चालकाचे नाव नोंदवहीत लिहायचे असते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. नोंदवहीही नव्हती.

सकाळी पोलीस आले. चोरी झाली की पहिला संशय गेटवरच्या माणसावर येतो आणि तपासाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. त्यांनी ओळखपत्र मागितले. ते नव्हते. एजन्सीच्या माणसाचा फोन बंद. ठेकेदाराने सांगितले, हा मुलगा आमच्या मस्टरवर नाही. संध्याकाळपर्यंत पोरगा ठाण्यात बसून राहिला. शेवटी साताऱ्याहून नाना आले, त्यांनी जबाब द्यायला लावला आणि रात्री त्याला घरी नेले. गुन्ह्यात त्याचे नाव आले नाही. त्या महिन्याचे पैसे मात्र बुडाले, कारण तो तिथे कामाला होता हे दाखवणारा एकही कागद कोणाकडे नव्हता.

या प्रसंगानंतर तो माझ्याकडे आला. प्रश्न एकच होता: "सर, लायसन कुठं काढायचं?"

परवाना आणि प्रमाणपत्र

या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना चुकीचे ठाऊक असते. गाडीच्या लायसनसारखे स्वतःच्या नावाचे सिक्युरिटी लायसन आपल्याकडे रक्षकाला मिळत नाही. खासगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम, २००५, म्हणजे धंद्यात ज्याला "पसारा" म्हणतात, त्या कायद्यात परवाना एजन्सीला मिळतो. रक्षकाने त्या कायद्याच्या अटी पूर्ण करायच्या असतात. त्या कलम १० मध्ये आहेत: वय अठरा पूर्ण आणि पासष्टच्या आत, चारित्र्याची पडताळणी, ठरवून दिलेले प्रशिक्षण पूर्ण, शारीरिक निकषात बसणे. न्यायालयाने शिक्षा केलेल्या किंवा गैरवर्तनावरून फौज-पोलिसांतून बडतर्फ झालेल्या माणसाला घेता येत नाही.

म्हणून "लायसनवाला गार्ड" म्हणजे परवानाधारक एजन्सीच्या नोंदीत असलेला, प्रशिक्षण पूर्ण केलेला आणि तिचे फोटो ओळखपत्र बाळगणारा रक्षक. यातले प्रमाणपत्र तेवढे मुलाच्या हातात राहते. एजन्सी बदलली की ओळखपत्र परत जाते, परवाना कधीच त्याचा नव्हता. प्रशिक्षण निवडताना म्हणूनच मी एकच गोष्ट धरून बसतो: शेवटी मुलाच्या स्वतःच्या पिशवीत काय उरणार आहे?

आणखी एक कलम आई-वडिलांना मी मुद्दाम वाचून दाखवतो. कलम ९ प्रमाणे रक्षकांना प्रशिक्षण मिळेल हे पाहण्याची जबाबदारी एजन्सीची आहे. हे कळले की "फी भरा, मग नोकरी" म्हणणाऱ्याशी बोलताना आवाज बदलतो. पठारावरच्या एजन्सीने प्रशिक्षणही दिले नव्हते आणि ओळखपत्रही. कायद्याच्या दृष्टीने तिथे चूक मुलाची नव्हती.

नानांचे सात दिवस

घरातला पहिला वाद नानांमुळे झाला. त्यांनी निवृत्तीनंतर सात दिवसांत प्रशिक्षण उरकले होते. "माझं सात दिसांत झालं की रं. तुला म्हैना कशाला पायजे? त्या वाईच्या पोराकडं जा, सात दिसांत सर्टिफिकेट देतोय."

नानांचे सात दिवस खरे होते, पण ते माजी सैनिकासाठी होते. पसारा कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत सर्वसाधारण उमेदवाराला वर्गातले किमान १०० तास आणि मैदानावरचे ६० तास सांगितले आहेत, ते कमीत कमी २० कामाच्या दिवसांत पसरलेले. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना त्यातले बरेचसे येत असते, म्हणून त्यांच्यासाठी ४० आणि १६ तासांचा, किमान ७ दिवसांचा छोटा अभ्यासक्रम आहे. साध्या मुलाला सात दिवसांत प्रमाणपत्र देणारा माणूस त्याला माजी सैनिकाचा अभ्यासक्रम विकत असतो, नाहीतर नुसताच कागद. सातारा जिल्ह्यात घरटी एखादा फौजी असतो, त्यामुळे ही गफलत इथे सहज होते. काकाचे जसे झाले तसे आपले होईल असे मुले धरून चालतात.

नानांना हे पटायला वेळ लागला. पटल्यावर त्यांनीच वाईला फोन करून विचारले, "सिव्हिलियन पोराला सात दिवसांत कसं देतोस?" समोरून फोन ठेवला गेला.

आधी डॉक्टर

कोणत्याही वाटेला पैसे भरण्यापूर्वी मी मुलाला वैद्यकीय तपासणी करून घ्यायला लावली. याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे गरीब घरांचे पैसे सर्वांत जास्त वाया जातात.

सैन्याच्या मेडिकलमध्ये रंगदृष्टी, सपाट तळवे किंवा एकमेकांना लागणारे गुडघे यांवरून बाद झालेल्या मुलांना वाटते की सिक्युरिटीत हे काही बघत नाहीत. नमुना नियमांत मात्र हीच नावे आहेत. रंगांधळेपणा नको, सपाट तळवा नको, गुडघे एकमेकांना लागणारे नकोत. ऐकू नीट यायला हवे. उंची पुरुषाला १६० सेंटीमीटर, स्त्रीला १५०. पुरुषाची छाती ८० सेंटीमीटर आणि फुगवून ४ जास्त. एक किलोमीटर सहा मिनिटांत पळता आले पाहिजे. दूरची नजर ६/६, पण चष्मा लावून चालते. रंगाची अट उगाच नाही: तपासणी यंत्राच्या पडद्यावरचे आणि अलार्मच्या पॅनेलवरचे रंग ओळखावे लागतात. इंग्रजी अक्षरे आणि अंकही वाचता यावे लागतात. शिवाय ही तपासणी एकदाच करून भागत नाही, दर बारा महिन्यांनी करायची असते.

बऱ्याच लहान एजन्सी यातले काही पाहत नाहीत हे मलाही दिसते. मोठा कारखाना किंवा रुग्णालय रक्षक मागवताना पाहते, आणि असा दोष असलेला मुलगा तिथून परत येतो. फी तोवर गेलेली असते. सैन्यातून कशावरून बाद झालास, हा माझा पहिला प्रश्न त्यामुळे असतो. याच्या बाबतीत उत्तर उंची होते. इथे १६६ भरपूर झाली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी बाकी सगळे ठीक म्हटले.

त्याच आठवड्यात त्याने पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीसाठी ऑनलाइन अर्ज केला. पठारावरच्या प्रकरणामुळे तो धास्तावला होता. जबाब नोंदवला म्हणजे गुन्हा दाखल झाला असे होत नाही, हे नानांनी त्याला दोनदा समजावले. दाखला स्वच्छ आला तेव्हा आईने तो देवापुढे ठेवला.

समोरच्या वाटा

पहिली वाट पंचायत समितीत भरलेल्या भरती शिबिराची. बाहेरच्या राज्यातली मोठी कंपनी, छापील पत्रक, कायमस्वरूपी नोकरीचे शब्द. नोंदणीची रक्कम वेगळी आणि महिनाभराच्या निवासी प्रशिक्षणाची फी दहा हजारांच्या पुढे. प्रशिक्षण दुसऱ्या जिल्ह्यात, नेमणूक देशात कुठेही. कंपनी खोटी नव्हती. तिचे प्रशिक्षण पूर्ण तासांचे होते आणि मैदानही मोठे होते. मुलाने तीन प्रश्न विचारले: नेमणूक कुठे, हे लेखी मिळेल का? काम सोडले तर प्रमाणपत्र माझ्याकडे राहील का? मूळ गुणपत्रिका जमा कराव्या लागतील का? पहिल्याला नाही, दुसऱ्याला "बघू", तिसऱ्याला हो. तिसरे उत्तर ऐकून नाना उठले. दहावी-बारावीचे मूळ कागद अडकवून मुलांना साइटवर बांधून ठेवण्याची रीत या धंद्यात जुनी आहे. मूळ कागद दाखवायचे असतात, द्यायचे नसतात.

दुसरी वाट प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या मोफत अभ्यासक्रमाची, ज्याला शस्त्र न बाळगणारा सुरक्षा रक्षक असे नाव आहे. फी नाही, परीक्षा बाहेरचा परीक्षक घेतो, प्रमाणपत्र मुलाच्या नावाचे. मला ही वाट मनापासून आवडते आणि घरात थोडी तरी ऐपत असेल तर मी तीच सुचवतो. अडचण अशी की बॅच भरल्याशिवाय वर्ग सुरू होत नाही, आणि कधी भरेल ते केंद्रही सांगू शकत नव्हते. तोवर घरात काही येणार नव्हते.

तिसरी वाट सुरक्षा रक्षक मंडळाची. महाराष्ट्राने १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांसाठी वेगळा कायदा केला. त्यात सरकार, मालक आणि रक्षक यांचे प्रतिनिधी असलेले मंडळ असते. मालक पगार आणि त्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, मंडळाकडे भरतो, मंडळ रक्षकाला पगार, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी देते. माथाडी कामगारांच्या १९६९ च्या कायद्याचीच ही रीत आहे. मधला ठेकेदार गळून पडतो, म्हणून जिथे जागा निघेल तिथे अर्ज करावाच. राज्य सुरक्षा महामंडळाचेही तसेच, फक्त तिथे उंचीची आणि शिक्षणाची अट चढी असते. या दोन्ही ठिकाणी जाहिरात निघायची वाट पाहावी लागते. त्या आशेवर वर्ष काढता येत नाही.

चौथी वाट साताऱ्यात शाखा असलेल्या मध्यम आकाराच्या एका एजन्सीची. शिरवळ आणि खंडाळ्याकडच्या कारखान्यांना ती माणसे पुरवते.

होमगार्डचाही विषय निघाला. गणेशोत्सव, निवडणूक, यात्रांचा बंदोबस्त, पोलिसांबरोबर उभे राहायचा सराव, ड्यूटीच्या दिवसांचा भत्ता. जोडीला ते फार चांगले आहे. पूर्ण वेळची नोकरी म्हणून त्याच्याकडे पाहू नये.

चौथ्या वाटेवरच्या एजन्सीची परीक्षा

कलम १२ प्रमाणे परवाना कार्यालयात ठळक जागी लावावा लागतो. मुलगा नानांना घेऊन गेला आणि आधी भिंत पाहिली. परवाना होता. तो पाच वर्षांचा असतो, म्हणून मुदत वाचली, पत्ता वाचला. कार्यालय त्याच पत्त्यावर होते.

मग प्रशिक्षण कुठे, हे विचारले. पुण्यातल्या मान्यताप्राप्त केंद्रात, राहण्यासह. तिथे नक्की काय शिकवतात हे जोखायला मी त्याला एक प्रश्न देऊन पाठवले होते: कायद्याच्या तासाला कोणते पुस्तक असते? अभ्यासक्रमात स्वसंरक्षणाचा हक्क आणि पोलिसांत फिर्याद कशी द्यायची हे असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाची कलमे आता ३४ ते ४४ आहेत. जुन्या ९६ ते १०६ च्या नोट्स अजून झेरॉक्स करून वाटणारी केंद्रे आहेत, आणि जो पुस्तक बदलत नाही तो बाकीचेही जुनेच शिकवतो असे मी धरतो. या केंद्राच्या शिक्षकाने फोनवर नवे कलम सांगितले. शिवाय त्याने स्वतःहून एक सांगितले, जे गेटवरच्या प्रत्येकाला पाठ हवे: डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकही पकडू शकतो, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम ४० प्रमाणे त्याला विनाविलंब, सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. चोर पकडून शेडमध्ये रात्रभर कोंडून ठेवणारा रक्षक स्वतःच अडचणीत येतो. हे ऐकून मुलगा म्हणाला, पठारावर आम्ही तेच केले असते.

फीचा मुद्दा राहिला. एजन्सी फी भरणार आणि पगारातून तीन हप्त्यांत कापणार होती. मला हे आवडले नाही. प्रशिक्षण देणे एजन्सीचे काम असेल तर त्याचा भार पहिल्या पगारावर कशाला? नानांचे म्हणणे वेगळे पडले. "एकदम भरायचं न्हाय ना? मग चालतंय. कागद तेवढा करून घे." त्या घराचा हिशोब माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होता. कागद झाला: हप्ते तीनच, मध्येच काम सोडले तर उरलेला हप्ता माफ, प्रमाणपत्राची मूळ प्रत मुलाकडे, गुणपत्रिकांच्या फक्त साक्षांकित प्रती. पगारपत्रकात भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विमा (ईएसआय) दिसेल आणि आठ तासांपुढच्या कामाला दुप्पट दर लागेल, हेही त्यात घातले. शेवटच्या ओळीवर व्यवस्थापक अडला. ती ओळ काढली तर आम्ही मोफत अभ्यासक्रमाच्या बॅचची वाट बघू, असे मुलाने शांतपणे सांगितले, आणि ओळ राहिली.

नंतर

प्रशिक्षण पूर्ण झाले. त्यात आग विझवणे आणि प्रथमोपचार हे तास त्याला सर्वांत उपयोगी वाटले, गर्दी आवरण्याचे सगळ्यांत अवघड. विजेच्या आगीवर पाणी मारायचे नसते, कोणत्या आगीला कोणता सिलिंडर, हे त्याने आईलाही शिकवले. शिरवळजवळच्या कारखान्यात त्याची नेमणूक झाली. पहिल्या दिवशी त्याने फोटो ओळखपत्राचा मोबाईलवर फोटो काढून मला पाठवला. गेटची नोंदवही तो तारीख, वेळ, गाडीचा नंबर, बिल्टीचा (मालाच्या पावतीचा) नंबर अशा क्रमाने ठेवतो. मुकादम म्हणतो एवढे लिहायला वेळ जातो, तो लिहितो.

दुसऱ्या महिन्यात जादा तासांचे पैसे साध्या दराने आले. त्याने करारपत्राची प्रत घेऊन शाखेत जाऊन विचारले आणि पुढच्या पगारात फरक मिळाला. पठारावर बुडालेले पैसे मात्र आजही आलेले नाहीत.

आता त्याला सुपरवायझर व्हायचे आहे. नमुना नियमांत पंधरा रक्षकांमागे एक सुपरवायझर धरला आहे, म्हणजे जागा असतात. पण कायदा तिथे फौज किंवा पोलिसांत किमान तीन वर्षे काढलेल्यांना पसंती द्यायला सांगतो. २०२२ मध्ये अग्निवीर भरतीची अग्निपथ योजना आली. चार वर्षे पुरी करून परत येणारी मुले ही अट सहज पूर्ण करतील, आणि सातारा जिल्ह्यात ती संख्येने कमी नसतील. त्यांच्याबरोबर उभे राहायचे तर त्याला दुसरे काही हातात घेतले पाहिजे. कारखान्याच्या नियंत्रण कक्षात कॅमेरे आणि आगीच्या अलार्मचे पॅनेल सांभाळायला माणूस कमी आहे. तिथे पाळी मिळावी म्हणून त्याने अर्ज दिला आहे, आणि होमगार्डच्या पुढच्या नोंदणीचा फॉर्म भरून ठेवला आहे. नाना म्हणतात, बी.ए.चे राहिलेले वर्षही मुक्त विद्यापीठातून पुरे कर. यावर अजून घरात बोलणे चालू आहे.